डाव्या पिळाची कौलं

वळचण

छप्पर शाकारायचं तर खालून सुरुवात करावी लागते. वळचणीची ओळ आधी, तिच्यावर चढून दुसरी, दुसरीवर तिसरी, असं करत आढ्यापर्यंत. वरचं कौल खालच्याच्या पाठीवर थोडं चढलेलं हवं. नाही चढलं तर पाणी आत आणि शाकारणारा बाहेर, असं जुने कारागीर म्हणायचे.

कौलांच्या भट्टीवर त्याला सगळे डावरा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावर राहिलं आणि दाखला कुठे राहिला ते कोणालाच ठाऊक नाही.

हाताने केलेलं कौल कधी सरळ नसतं. तुडवलेली माती चौकटीत थापून तिची लादी करायची, ती लाकडी साच्यावर पालथी घालायची आणि ओल्या तळव्याने रुंद टोकाकडून अरुंद टोकाकडे हात फिरवायचा. एकदाच. दुसऱ्यांदा फिरवला की माती रुसते. तळवा जातो तिकडे ती किंचित ओढली जाते, ओली असताना हे कोणाच्या बापाला दिसत नाही. वाळताना मात्र कौल अंग चोरून बसलेल्या माणसासारखं एका अंगाला जरासं वळतं. त्याला पीळ म्हणतात. सगळ्या भट्टीचा पीळ उजवा होता. त्याचा डावा.

उजव्या पिळाचं कौल उजव्यावर ठेवा, मांडीला मांडी लावून बसतं. डावं डाव्यावर ठेवा, तेही बसतं. पण डावं उजव्यावर ठेवून कोपरा दाबला की टक् वाजतं. हललं, म्हणायचे भट्टीवर. हललं की फट पडते, फटीत वारा शिरतो, वाऱ्याने एक कौल उठलं की शेजारचं त्याच्या मागोमाग उठतं. म्हणून पहिल्या हंगामापासूनच भट्टीवर त्याच्या कौलांचा ढीग वेगळा.

दुसरी ओळ

ढीग वेगळा म्हटल्यावर माणूसही वेगळाच बसणार. बाकीचे कारागीर छपरीत रांगेने बसायचे, याचं कौल त्याच्या कौलावर रचलं जायचं, आणि कौलांबरोबर बोलणंही रचलं जायचं. कोणाची बायको रुसून गेली, कोणाच्या पोराचे पुढचे दात पडले, मालकाने कोणाला काय ऐकवलं. डावऱ्याची जागा मातीच्या खड्ड्यापलीकडे, कोपऱ्यात. त्याच्यापर्यंत हसणं पोचायचं, विनोद पोचायचा नाही.

मालक वाईट नव्हता. त्याने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की तुझी कौलं मी फेकणार नाही, त्यांच्यासाठी वेगळी छपरं शोधेन. शोधलीही. एकाच माणसाच्या कौलांत भागेल अशी लहान लहान.

एक गोठा.
सायकली लावायची शेड.
शाळेमागची मुतारी.
सरपणाची खोपी.
एका विधुर मास्तरांचं स्वयंपाकघर.
बसची वाट बघायचा निवारा. रस्ता रुंद झाला तेव्हा तो गेला.

छपरीतले म्हणायचे, डावऱ्याची कौलं आणि डावऱ्याची बायको, दोन्ही बसवायची कुठे? तोही हसायचा. न हसून जाणार कुठे. बायको मिळाली नाही असं नाही; मिळवायची राहून गेली. एकदा बोलणं बऱ्यापैकी पुढे गेलं होतं, पण मुलीच्या मामाने विचारलं की हा जेवतो कुठल्या हाताने, आणि हा उत्तर द्यायच्या आधी धाकटी बहीण म्हणाली, दोन्ही हातांनी, भूक असेल तशी. मामाला विनोद कळला नाही.

मग यंत्राची कौलं आली. यंत्राच्या कौलाला पीळ नसतो, निर्व्यसनी जावयासारखं ते कुठेही नेऊन बसवा. अर्थात त्याला रिपा वेगळ्या लागतात, उतार वेगळा लागतो, जुन्या हातकौलांत ते मिसळत नाही. पण नव्या घरांना जुन्यात मिसळायचं होतंच कुठे. भट्टी विझली. कारागीर पांगले, कोणी रिक्षा घेतली, कोणी रखवालदार झाला. डावरा घरामागे छोटी भट्टी लावून हौसेला पुरतील इतकी कौलं करत राहिला, आणि एकेका हंगामात एकेक बाजू करत त्याने स्वतःचं घर शाकारलं. दोन खोल्या आणि पुढची पडवी. त्याच्या आयुष्यातलं एवढंच मोठं छप्पर, आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत एकाच हाताचं. एकही कौल हलत नव्हतं. त्या छपराखाली तो एकटा निजायचा.

तिसरी ओळ

एकटा निजायचा म्हणून वाचला. दुपारी आडवा झाला असताना वादळ सुटलं आणि शेजारच्या झाडाची फांदी छप्पर फोडून आत आली. घरात दुसरं माणूस असतं तर त्याला जागा देऊन हा भिंतीकडे सरकला असता, आणि फांदी पडली ती नेमकी भिंतीच्या बाजूला. तो उठून बसला. वर आभाळ होतं. बराच वेळ तो तिकडे पाहत राहिला, कारण त्या खाटेवरून आभाळ कसं दिसतं ते त्याला कधीच ठाऊक नव्हतं.

बहिणीचा फोन आला. ती लांब राहते आणि बातमी तिच्याकडे कशी पोचते हे देव जाणे. तिचं म्हणणं असं की, दादा, पत्रा घाल. पत्रा नको तर इकडे ये. तुझी खोली आहे तशी आहे, तिथे फक्त इस्त्रीचं टेबल ठेवलंय, आणि तुझ्या भाच्याची सायकल, आणि माझी शिलाई मशीन, पण माणूस मावेल, आडवा नाही झाला तर. तो बघतो म्हणाला. ती म्हणाली, तुझं बघतो म्हणजे नाही, हे आईने मला लहानपणीच शिकवलंय. मग तिने सांगितलं की तिचे गुडघे हल्ली जिना चढू देत नाहीत, आणि फोन ठेवला.

राखून ठेवलेली कौलं मागच्या दुरुस्त्यांत संपली होती. नवी करावीत तर डावं मनगट वर्षभरापासून धरलेलं. पेला उचलायचा, दार लोटायचं, इतपत चालायचं. तळव्याचा तो एक लांब ओढा काही निघत नव्हता. डॉक्टरने मनगट फिरवून पाहिलं आणि आहे तेवढं सांभाळा म्हणाला.

मग त्याने उजव्या हाताने केली. शिकाऊ माणसासारखी, जीभ दातांत धरून. सुकवली, भाजली, शिडी लावून वर गेला आणि फुटक्या जागेच्या कडेला एक ठेवून कोपरा दाबला.

टक्.

दुसरं ठेवलं. टक्. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते त्याने ऐकलं होतं, पण आपल्याच एका हाताची कौलं दुसऱ्या हाताच्या कौलांशी जमू नयेत हे कोणी सांगितलं असतं तर त्यानेही हसण्यावारी नेलं असतं. तो तिथेच वासा धरून बसला. खालून कोणी जाणारा-येणारा नव्हता, त्यामुळे चेहरा सारखा करायची गरज पडली नाही.

अख्खं छप्पर उतरवून पत्रा घालायचा, किंवा बहिणीकडे जाऊन इस्त्रीच्या टेबलाशेजारी उभं राहायचं. नाहीतर मग एक डावा हात शोधायचा. दुसऱ्या कोणाचा तरी. छपरापुरताच हवाय, असं तो स्वतःला बजावायचा. पण शिडीवरून उतरताना मनात यायचं ते छपराचं नसायचं. कुठेतरी आणखी एक माणूस असेल, त्याचाही ढीग वेगळा असेल. कोपऱ्यात बसून तोही दुसऱ्या कोणाचं हसणं ऐकत असेल.

चौथी ओळ

दुसऱ्या कोणाचं हसणं ऐकत काम करायची त्याला सवयच होती, त्यामुळे मुकादमाने बोलावलं तेव्हा तो गेला. जुन्या दवाखान्याचं छप्पर उतरवायचं होतं. कौलं एका हॉटेलवाल्याने मागितली होती, भिंतीवर शोभेला लावायला. लोकांना आता कौलं भिंतीवर हवी होती, छपरावर नको.

मुकादमाने त्याला पुढची बाजू दिली, कारण पुढची कौलं अखंड उतरायला हवी होती. मागच्या उताराकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिथली पोरं कौलं सरळ खाली टाकत होती आणि खाली राडारोड्याचा ढीग वाढत होता. त्या आवाजाची त्याला पहिल्या दिवशी सवय झाली. दुसऱ्या दिवशी आढ्यावर पाय टाकून बसला असताना मागच्या बाजूचं एक कौल त्याने सहज उचललं, टेकवायला जागा नव्हती म्हणून शेजारच्यावर ठेवलं, आणि त्याचा डावा हात आपोआप कोपऱ्यावर गेला.

वाजलं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. मग ते कौल उलटं करून पाहिलं, उजेडाकडे धरलं, डोळा मिटून कडेवरून नजर फिरवली. पीळ डावा होता. पहिला विचार आला की हे माझंच. पण तो हात फिरवून झाल्यावर अरुंद टोकाशी अंगठ्याने माती निरपून काढायचा. इथे अंगठा नव्हता. दोन बोटं होती, आणि ती सुटताना मातीत एक बारीक शेपटी राहिली होती, घाईत निघालेल्या माणसाच्या पदरासारखी.

खालून मुकादम म्हणाला, "काय डावरेबुवा, स्थळ बघताय का?"

"थांबवा," तो म्हणाला.

"काय?"

"मागची थांबवा. टाकू नका."

त्याचा इतका मोठा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता, म्हणून पोरं थांबली. पण मागचा उतार बहुतेक संपला होता. धुराड्याभोवती थोडी शिल्लक होती तेवढीच. तो खाली उतरून राडारोड्यात हात घालत राहिला. तुकड्यांवर शेपट्या होत्या. कालचा अख्खा दिवस ती फुटत होती, आणि तो पुढच्या बाजूला बसून परक्या कौलांची काळजी घेत होता.

मुकादमाने डोकं खाजवलं. मागची कौलं पुढच्यांवर ठेवली की तशीही हलतात, हॉटेलवाल्याच्या माणसाने कालच नाक मुरडलं, तो म्हणाला, तुला हवीत तर ने. वर म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलंस आणि तेही राडारोडा.

पाचवी ओळ

राडारोड्यातून निवडलेली आणि धुराड्याभोवतीची, सगळी मिळून जेमतेम एक ओळ भरली. त्याने ती हातगाडीवर गवत अंथरून आणली. शिडीवरून एकेक वर नेली. खाली उभं राहून वर देणारं कोणी असतं तर तासाभरात झालं असतं; त्याला सबंध दुपार लागली.

आपल्या कौलावर दुसऱ्याचं कौल ठेवताना माणसाला काय वाटतं हे त्याला माहीत नव्हतं, कारण बाकीच्यांना त्यात काही वाटायचंच नाही. त्याने ठेवलं. दाबलं. बसलं. इतकं नीट बसलं की जोड कुठे हे शोधायला नखाने चाचपावं लागलं. मग दुसरं. मग त्यापुढचं. ओळ संपली तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून प्रत्येक दाबून पाहिलं, खात्रीसाठी नाही.

त्या ओळीच्या वर अजून मोठी मोकळी जागा उरली होती. तिच्यावर निळी ताडपत्री होती.

ताडपत्री

ताडपत्री वाऱ्याने फुगते

 आणि बसते

 फुगते

 खाटेवरून खोली निळी दिसते, हात निळा दिसतो

 कोणी विचारलं तर सांगायला बरं, की छप्पर चालू आहे.

सातवी ओळ

छप्पर चालू आहे, असं तो भट्टीवाल्या म्हाताऱ्यालाही म्हणाला. दवाखान्याची कौलं नदीपलीकडच्या भट्टीची, इतकं मुकादमाला ठाऊक होतं, आणि त्या भट्टीची आग सांभाळणारा माणूस अजून जिवंत होता. मुलाने त्याला आपल्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी बसवलं होतं, पण गल्ल्याला हात लावू देत नव्हता.

म्हाताऱ्याने कौल मांडीवर घेतलं आणि शेपटीवरून बोट फिरवलं. मग त्याला आठवलं ते आधी मालकाचं ओरडणं. त्या एका हंगामात कौलं हलायला लागली होती आणि मालकाने साचे बदलले, माती बदलली, माझ्या आगीला दोष दिला, तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी कळलं की एकाच हाताची कौलं हलतायत. ती मालकाने दवाखान्याच्या मागच्या उतारावर सरकवली, तिकडे कोण बघतंय.

डावऱ्याने विचारलं, तो डावखुरा होता का?

"तो नव्हे, ती. माती तुडवणाऱ्याची बायको." म्हातारा हसला, दात नव्हते म्हणून हसणं लांबलं. "डावखुरी कसली. उजव्या काखेत पोर असायचं तिच्या. रडकं. खाली ठेवलं की भट्टी डोक्यावर घ्यायचं. मग करते काय, डाव्याने हात मारायची."

"आणि पुढे?"

"पुढे काय. पोर चालायला लागलं. हात मोकळा झाला. कौलं बसायला लागली."

दुकानात गिऱ्हाईक आलं. म्हाताऱ्याने कौल परत दिलं आणि काखेत कळसा म्हणतात तसं, असं काहीतरी पुटपुटला. डावरा हसला नाही. त्याला वाटलं होतं की एक माणूस सापडेल. सापडला तो एक हंगाम, आणि तोही पोराच्या रडण्यातून निघालेला. तरी त्याने पत्ता विचारला. बाई आहे, मुलीकडे असते, शिंप्याच्या गल्लीत शेवटचं घर, म्हातारा म्हणाला. जाऊन बघ.

आठवी ओळ

जाऊन बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे कळत असूनही तो गेला. अंगणात एक म्हातारी स्टुलावर बसून लसूण सोलत होती. उजव्या हाताने.

त्याने कौल पुढे केलं. ती म्हणाली, आम्हाला नको बाबा, आमच्याकडे गच्ची आहे. मग त्याने समजावून सांगितलं. म्हणजे समजावण्याचा प्रयत्न केला, कारण पीळ, ओळ, ताडपत्री, मनगट हे सगळं त्याने कधी कोणाला सलग सांगितलंच नव्हतं आणि ते त्याच्या तोंडून मागचं पुढे आणि पुढचं मागे येत होतं. आतून तिची मुलगी आली. पन्नाशीची, केस कापलेली, हातात चष्मा. तिने उभ्याउभ्या ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे ती कौलं बिघडली तीही माझ्यामुळेच का, या घरात लहानपणापासून जे बिघडलंय ते सगळं माझ्यामुळेच.

"रडायचीस," म्हातारी म्हणाली. "डावीकडे घेतलं की टाहो. उजवीकडे घेतलं की गप. का ते तुला विचार."

म्हातारीने कौलाची शेपटी पाहिली. चेहऱ्यावर काही हललं नाही. ती आपली दोन बोटं आहेत हेही तिला आठवत नव्हतं. कौलं ढिगाने केली, कोण लक्षात ठेवतं. तिने त्याला विचारलं ते वेगळंच. म्हणाली, तू भट्टीवर किती वर्षं होतास? तो म्हणाला, विझेपर्यंत. आणि सगळा वेळ वेगळा ढीग? हो.

"मग दुसऱ्या कोणाला सांगायचंस की, आजच्या दिवस डाव्याने हात मारा. एक ओळ करून द्या मला. जमतं की. मला जमलं, पोर सांभाळून."

त्याने कौल या हातातून त्या हातात घेतलं.

"सांगितलंस कधी?"

"नाही."

"का?"

"कोणी विचारलं नाही."

"विचारायचं तू होतंस," ती म्हणाली आणि लसणाची साल फुंकून बाजूला केली.

ती काही मोठं बोलली नव्हती. एखाद्याला शर्टाचं बटण उलटं लागलंय हे सांगावं तसं बोलली होती. पण छपरीतली रांग त्याच्या डोळ्यांपुढे आली, एकेक चेहरा. त्यांतल्या निम्म्यांनी तरी केलं असतं. थट्टा करत केलं असतं, पण केलं असतं. तो आयुष्यभर आपल्या हाताला जन्मखूण समजत आला, आणि तो नुसता हात होता. खड्ड्याच्या पलीकडे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. खड्डा तर एवढासा होता.

मुलीने पाणी आणून दिलं. त्याने ते पिऊन भांडं खाली ठेवलं, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याला स्वतःलाच परकं वाटलं.

"मावशी, मला कौलं करून द्याल? डाव्या हाताने. माती मी आणतो."

आढ्याच्या अलीकडे

माती त्याने आणली. साचा, चौकट, वाळूची पिशवी, सगळं हातगाडीवर. मुलगी म्हणाली, आईला हात भिजवू देऊ नका, सर्दी होते. आणि मग स्वतःच जुनं पोतं अंथरून जागा करून दिली.

लाद्या त्याने उजव्या हाताने थापल्या. म्हातारीने डावा तळवा पाण्यात बुडवला, साच्यावर ठेवला आणि तिथेच थांबली. हात निघेना. काखेत काही नाही तर कसा निघणार, ती म्हणाली. मुलीने आतून तांदळाची पिशवी आणून तिच्या उजव्या काखेत दिली. म्हातारीने ती कमरेवर बसवली, एकदा वर सरकवली, आणि हात निघाला. रुंद टोकाकडून अरुंद टोकाकडे, एकदाच, शेवटी दोन बोटं.

"मी एवढी जड होते?" मुलीने विचारलं.

"रडायचीस, म्हणून जड."

दुपारभर केली. म्हातारी दमली की तो थांबायचा, ती म्हणायची थांबलास का. तिने भट्टीवरच्या माणसांची उणीदुणी काढली, मेलेल्यांचीही. त्याला ती माणसं माहीत नव्हती, तरी तो हसत होता, कारण या वेळी विनोद त्याच्यापर्यंत पोचत होता. संध्याकाळी अंगणाच्या सावलीच्या बाजूला कौलांची रांग लागली. ओली कौलं हलवता येत नाहीत; घट्ट होईपर्यंत तिथेच राहू द्यायची आणि रोज उलटवायची, नाहीतर एकाच अंगाने वाळून तडकतात. म्हणून रोज यावं लागेल, तो म्हणाला. ये की, म्हातारी म्हणाली.

तो रोज जाऊ लागला. सकाळी ताडपत्रीखाली उठायचा, चहा घ्यायचा, शिंप्याच्या गल्लीतून शेवटच्या घरापर्यंत चालत जायचा, कौलं उलटवायचा. म्हातारी स्टुलावर असायची. कधी बोलायची, कधी नुसती बघायची. मुलगी कामावर निघताना त्याला म्हणायची, आलात का, हिने रात्रभर कौलं उलटवलीत का म्हणून मला विचारलं.

कौलांना पीळ पडला नव्हता. पहिल्यांदा उलटवताना त्याला शंका आली आणि पुढच्या वेळी कळलंच. पीळ हाताच्या दिशेने येतो हे खरं, पण त्यात ओढा लागतो, आणि त्या हंगामातली घाई म्हातारीच्या हातात उरली नव्हती. तळवा मातीवरून गेला होता, माती जागची हलली नव्हती. कौलं सरळ वाळत होती. सरळ कौल डाव्यावरही थोडं हलतं आणि उजव्यावरही थोडं हलतं. त्याच्या छपराला ती उपयोगाची नव्हती.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर येणं संपलं असतं. तो यायचा, वाकायचा, एकेक कौल दोन्ही हातांत धरून उलटवायचा आणि मनातल्या मनात कोपरा दाबायचा. घरी गेल्यावर ताडपत्री फुगायची आणि बसायची. बहिणीचा फोन आला आणि तिने विचारलं की काय ठरलं, तेव्हा तो बघतो म्हणाला नाही. काम चालू आहे म्हणाला, आणि मग, तिने विचारलं नसताना, शिंप्याच्या गल्लीतल्या म्हातारीचं सगळं सांगितलं. दादा, तू एवढं बोलतोस हे मला माहीत नव्हतं, ती म्हणाली.

कौलं घट्ट झाली. आता उलटवायची गरज नव्हती, भाजायला न्यायची होती. तो आला आणि सवयीने पहिल्या कौलाशी वाकला.

म्हातारी स्टुलावरून बघत होती. "बसणार नाहीत ना रे ही?"

त्याने कौल हातातच धरलं. खोटं बोलावं का, असा विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला.

"नाही."

"कधी कळलं?"

"उलटवायला लागलो तेव्हाच."

"मग रोज येत होतास कशाला?"

तो काहीतरी बोलला. उलटवायला लागतात, असं काहीसं.

म्हातारीने मान हलवली, कौलांकडे पाहून की त्याच्याकडे पाहून ते कळलं नाही. ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं. तिने स्टूल भिंतीकडे ओढलं, म्हणजे रांगेच्या त्या टोकापर्यंत जायला त्याला वाट मिळाली.

"मग उलटव," ती म्हणाली.

त्याने उलटवलं. मग पुढचं.